खडू, फळा आणि 6174

रविवार, रात्री.

नाशिकच्या गंगापूर रोडवर रोबोटिक्स, कोडिंग, जेईईच्या पाट्या पावलोपावली दिसतात. तिथं शिकणाऱ्या मुलांचं कौतुकच वाटतं. पण मन जातं ते याच जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या आश्रमशाळांकडे. तिथल्या कितीतरी मुलींना प्रयोग भेटतो तो पुस्तकातल्या आकृतीत. आणि आपण म्हणून मोकळे होतो, ‘त्यांना विज्ञान-गणिताची आवडच नाही.’

अशा वेळी द. रा. कापरेकर आठवतात. देवळालीच्या शाळेतले शिक्षक, पीएच.डी. नाही, प्रयोगशाळा नाही. तरी 6174 ही संख्या आज जगभर त्यांच्या नावानं ओळखली जाते.

3524 घ्या. अंक उतरत्या क्रमानं मांडा, चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा: 5432 वजा 2345, म्हणजे 3087. पुन्हा तेच केलं की 8352, मग 6174. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथंच येते. हा शोध घ्यायला खडू पुरतो, फी लागत नाही.

प्रयोगशाळा प्रत्येक शाळेला मिळायलाच हवी, तो मुलांचा हक्क आहे. तोवर आपल्यापैकी ज्याला जमेल त्यानं महिन्यातला एक शनिवार आश्रमशाळेतल्या एका वर्गाला द्यावा. उत्तर सांगू नये; मुलींना आधी फळ्यापाशी बोलवावं.