दाखल्यात न सापडणारा पूर्वज

व्हिक्टोरिया राणीच्या काळातला आपला खापरपणजोबा शास्त्रज्ञ होता, एवढंच घरात ऐकलेलं असतं. मग कुणीतरी त्याचा माग काढायला निघतो आणि आधी शाळा गाठतो, नंतर विद्यापीठ. पूर्वज चार्ल्स डार्विन असेल तर ही वाट सरळ आहे. श्रूझबरीची शाळा, १८२५ साली एडिंबरा, मग केंब्रिज, १८३१ साली पदवी. घरात पैसा होता, त्यामुळे मागे कागदही राहिले.

आल्फ्रेड रसेल वॉलेसच्या बाबतीत मात्र ही वाट विद्यापीठाच्या दारापर्यंतही पोचत नाही. १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस या दोघांचं लेखन एकाच बैठकीत वाचलं गेलं आणि नैसर्गिक निवडीचा सिद्धांत जगापुढे आला. त्या दोघांतला एक चौदाव्या वर्षी शाळा सोडलेला होता.

त्याचं जन्मसालसुद्धा चटकन हाती लागत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्माची सरकारी नोंद १८३७ साली सुरू झाली. वॉलेस त्याआधीचा, वेल्समधल्या उस्क गावाजवळ जन्मलेला. कित्येक वर्षं तो स्वतःच आपलं साल १८२२ समजत होता. आईवडिलांच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात वडिलांनी नऊही मुलांचे जन्म आणि बाप्तिस्मे स्वतःच्या हाताने टिपून ठेवले होते. तिथे ८ जानेवारी १८२३ ही तारीख निघाली.

वडील वकिलीचं शिक्षण घेतलेले, पण पैसा सांभाळण्यात कच्चे. हर्टफर्डच्या ग्रामर स्कूलमध्ये शेवटच्या वर्षी फीच्या बदल्यात आल्फ्रेडला धाकट्या मुलांना शिकवावं लागलं. शिकणाऱ्यांत बसायचं आणि शिकवणाऱ्यांतही उभं राहायचं, ही अवघडलेली जागा त्याला फार बोचली. त्याहून जिव्हारी लागल्या त्या काळ्या सुती कापडाच्या बाह्या. कोटाची कोपरं झिजू नयेत म्हणून आईने त्या शिवून दिल्या होत्या. पोराला लाज वाटायची, म्हणून तो त्या घालेना. शेवटी मास्तरांनीच घालायला लावल्या. शाळेच्या दप्तरात ही गोष्ट कुठून असणार? ती आपल्याला ठाऊक आहे ती वॉलेसने वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, १९०५ साली, आत्मचरित्र छापलं म्हणून. भूगोलाच्या तासाला पाठ केलेली गावांची नावं त्याला निरर्थक वाटली होती. वाचनाची चटक लागली ती वडील काम करत त्या गावातल्या ग्रंथालयात.

शाळा सुटली आणि शिक्षण सुरू झालं. १८३७ च्या आरंभी तो लंडनला सुतारकाम शिकणाऱ्या भावाकडे राहिला. संध्याकाळी दोघे टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या कामगारांच्या 'हॉल ऑफ सायन्स'मध्ये जात. समाजसुधारक रॉबर्ट ओवेनचं भाषण त्याने तिथेच ऐकलं. त्याच वर्षी थोरल्या भावाने, विल्यमने, त्याला जमीनमोजणीच्या कामाला घेतलं. हे काम तेव्हा भरपूर होतं, त्याला कारण १८३६ चा कायदा. चर्चला पिकाचा दहावा हिस्सा देण्याऐवजी आता रोख रक्कम द्यायची होती, आणि त्यासाठी गावोगावच्या शेतांचे नकाशे हवे होते. साखळी ओढत, सेक्स्टंट लावत, बेडफर्डशरच्या खडूच्या टेकड्या तुडवत हा मुलगा त्रिकोणमिती शिकला. मोजता मोजता खडकात जीवाश्म दिसत. पायाखाली काय आहे, हा प्रश्न त्याला पुस्तकाने नव्हे, पगारी कामाने विचारला.

वेल्समधल्या नीथ गावी काम मंदावलं की तो रानात हिंडे. १८४१ च्या सुमारास त्याने वनस्पतिशास्त्राची एक शिलिंगाची पुस्तिका घेतली. नावं पुरेनात, तेव्हा साडेदहा शिलिंग खर्चून लिंडलीचं पुस्तक मागवलं. त्यात ब्रिटनमधल्या एकेका जातीचं वर्णनच नव्हतं! गावातल्या हेवर्ड या पुस्तकविक्रेत्याने लाउडनचा वनस्पतिकोश उसना दिला. वॉलेसने त्यातली वर्णनं लिंडलीच्या समासात आणि पातळ कागदांवर बारीक अक्षरात उतरवून काढली. या विद्यार्थ्याची गुणपत्रिका शोधायची झाली तर ती त्या समासातच सापडेल.

मोजणीचं काम आटलं तेव्हा, १८४४ साली, तो लेस्टरच्या एका शाळेत मास्तर झाला. लेस्टरच्या ग्रंथालयात त्याने माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला आणि तिथेच त्याला हेन्री वॉल्टर बेट्स भेटला. होजिअरीच्या धंद्यात उमेदवारी करून उरलेल्या वेळात बेट्स भुंगेरे गोळा करत असे. गावाच्या दहा मैलांच्या आत भुंगेऱ्यांच्या हजारेक जाती सापडतील, हे ऐकून वॉलेस चकित झाला आणि लगेच टाचण्या, पेटी नि बाटली घेऊन कामाला लागला.

विल्यम अचानक वारला आणि आल्फ्रेड नीथला परतला. रेल्वेमार्ग बांधण्याचं वेड ऐन भरात होतं. मोजणीदारांना दिवसाला दोन गिनी मिळत. पुढे बेट्ससोबत केलेल्या अमेझॉनच्या प्रवासाचं भांडवल याच कमाईतून जमलं. १८४७ साली 'झूऑलॉजिस्ट' मासिकात नीथजवळ सापडलेल्या एका भुंगेऱ्याची त्याची नोंद छापून आली. वैज्ञानिक म्हणून त्याचं नाव छापलं गेलं ते या छोट्याशा मजकुराखाली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो आणि बेट्स लिव्हरपूलहून निघाले. चार वर्षांनी वॉलेस परतत असताना भर समुद्रात जहाजाला आग लागली. सोबतचा बहुतेक संग्रह जळाला. मासे आणि ताडवृक्षांची काही चित्रं वाचली. माणूसही वाचला, दहा दिवस उघड्या होडीत काढून.

विद्यापीठाचा सन्मान पुष्कळ उशिरा आला. १८८२ साली डब्लिनने मानद पदवी दिली तेव्हा तो एकोणसाठ वर्षांचा होता. पदव्यांच्या यादीवरून शोध घेणाऱ्याला हा माणूस थेट म्हातारपणीच भेटतो. तरुण वॉलेस भेटतो तो पत्रांत, वह्यांत आणि पुस्तकांच्या समासांत. हे कागद कुटुंबाने जपले आणि २००२ साली नातवंडांकडून ते लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्यूझियममध्ये आले. कपाटातली जुनी, टिपणं केलेली पुस्तकं रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघावीत, ती यासाठी.

आणखी एक गोष्ट कागदावर नाही, दगडात आहे. अमेझॉनला जाण्याआधी आल्फ्रेड आणि लंडनला सुतारकाम शिकलेला त्याचा भाऊ जॉन यांनी नीथच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटची इमारत आखून दिली होती. कामगारांनी संध्याकाळी येऊन शिकावं म्हणून बांधलेली ही इमारत चर्च प्लेसवर अजून उभी आहे. तिथे आता गावाचं जुनं दप्तर ठेवलेलं असतं आणि आपल्या पणजोबांचा माग काढायला आलेली माणसं ते चाळत बसतात.