संकेत

मराठीतला ‘संकेत’ हा शब्द मोठा संसारी आहे. एकाच छपराखाली त्याने दोन अर्थ नांदवले आहेत. संकेत म्हणजे खूण, आणि संकेत म्हणजे पूर्वापार पाळत आलेली रीत. वरवर पाहता या दोन गोष्टी निराळ्या वाटतात. पण थोडा विचार केला की कळते, खुणेला स्वतःचा असा अर्थ नसतोच. शाळेत घंटेचा एक टोल पडला की तास संपतो आणि ती घणघण वाजू लागली की शाळा सुटते. पितळेच्या त्या तबकडीवर ‘सुटी’ हे शब्द कुठे कोरलेले नाहीत. ते पोरांच्या मनात आधीच ठरून बसलेले असतात. ठरलेले नसेल तर घंटा म्हणजे नुसता आवाज!

हे सारे मनात यायला निमित्त झाला माझा भाचा. तो पुण्याला संगणकाच्या कर्नलवर काम करतो. हा कर्नल पलटणीतला नव्हे. संगणकाची सारी व्यवस्था ज्या मूळ प्रोग्रॅमच्या हाती असते, तो हा गाभा. गेल्या दिवाळीत भाऊबिजेला आला तेव्हा त्याने मला पडद्यावर एक फाईल दाखवली आणि म्हणाला, “मामा, तुम्ही शब्दांत रमणारी माणसं. हे वाचा बघू. यात नुसती नावं आणि आकडे आहेत.”

खरोखरच तसे होते. डावीकडे नाव, उजवीकडे आकडा. पंचांगही याहून रसाळ असते. पण भाचा समजावून सांगू लागला आणि मी खुर्ची पुढे ओढली.

संगणकात एका वेळी शेकडो प्रोग्रॅम चालू असतात. अशा प्रत्येक चालत्या प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात आणि कर्नल हा त्या सर्वांचा कारभारी. त्याला एखाद्या प्रोसेसला काही तातडीने कळवायचे असले तर तो लांबलचक पत्र लिहीत नाही. एक आकडा धाडतो. हाच सिग्नल. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 साली न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत जी युनिक्स प्रणाली सुरू केली, तिच्या बाळपणापासूनची ही चाल. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्सने 1991 साली लिनक्स रचले, तेव्हा त्यानेही तीच उचलली.

यातला 1 हा आकडा म्हणजे ‘टेलिफोन खाली ठेवला गेला’. एके काळी माणसे दूरच्या यंत्राशी टेलिफोनच्या तारेवरून बोलत. तार तुटली की हा निरोप जाई. त्या तारा बहुतेक इतिहासजमा झाल्या, पण 1 राहिला. पडद्याआड राबणारे कित्येक प्रोग्रॅम आता त्याचा अर्थ ‘आपली नियमावली पुन्हा वाचून घे’ असा करतात. 15 म्हणजे ‘आता आवरते घे’. ही विनंती. ती मिळाल्यावर प्रोसेसला हातातले काम जपून ठेवता येते, दिवा मालवून, कडी लावून निघता येते. 9 म्हणजे मात्र मरण. तो अडवता येत नाही, कानाआडही करता येत नाही. जाणती माणसे आधी 15 धाडतात, थोडे थांबतात आणि अगदीच इलाज चालेना तर 9. मास्तरकीत इतकी वर्षे काढलेल्या माणसाला हा क्रम कुणी शिकवावा लागत नाही.

इथवर सारे सरळ होते. पण भाच्याने तसलीच दुसरी फाईल उघडली आणि घोटाळा झाला. नावे तीच, आकडे निराळे! प्रोसेसरचीही घराणी असतात आणि कर्नलमध्ये प्रत्येक घराण्याची अशी यादी असते. 1, 2, 9, 15 असे काही आकडे सगळीकडे एकच. पण 19 घ्या. इंटेलच्या घराण्यात 19 म्हणजे ‘आहेस तिथे थांब’. अल्फाच्या आणि स्पार्कच्या घराण्यात 19 म्हणजे ‘थांबला होतास, आता पुढे चाल’. मिप्सच्या घरी 19 म्हणजे ‘वीज जाते आहे’!

“अरे, मग सगळ्यांचा एकच हिशेब का नाही करून टाकला?” मी विचारले.

भाचा म्हणाला, “मामा, लिहिणारा नाव लिहितो, पण प्रोग्रॅम यंत्रासाठी तयार झाला की नाव गळून पडतं. आत आकडाच उरतो. मग आकडा बदलला, तर त्या जुन्या प्रोग्रॅमला थांब म्हटलेलं चाल असं ऐकू येईल.”

1995 साली लिनक्स अल्फाच्या घरी गेले, तेव्हा तिथे डिजिटल कंपनीची ओएसएफ-वन ही प्रणाली आधीच नांदत होती. तिचे प्रोग्रॅम तिच्या आकड्यांवर वाढलेले. लिनक्सने स्वतःचे इंटेलकडचे आकडे बाजूला ठेवले आणि त्या घरचे घेतले. त्या जुन्या प्रोग्रॅमशी जुळावे म्हणून हे आकडे वेगळे आहेत, अशी टीपही त्या फाईलीत आहे. नवी सून सासरच्या डब्यांची मांडणी लक्षात ठेवते, तसे.

ती टीप वाचून मी गप्प झालो. मला माझी आई आठवली.

शेवटच्या दुखण्यात अर्धांगाने आईची वाचा गेली. उजवा हात लुळा पडला. डावा तेवढा चाले. खाटेच्या लाकडी कडेवर ती बोटातली अंगठी वाजवी. आम्ही ठरवले होते : एकदा वाजवले की पाणी, दोनदा वाजवले की कूस बदलायची. पंधरा दिवस सुरळीत गेले. मग मला विसावा मिळावा म्हणून रात्रीच्या जागरणाला ताई आली. ताईने सासरी आपल्या सासूबाईंचे तीन वर्षे केले होते आणि त्यांच्याकडेही असाच हिशेब होता. फक्त त्यात एकदा म्हणजे ‘काही नको’ आणि दोनदा म्हणजे पाणी.

पहिल्या रात्री आईने अंगठी एकदा वाजवली. ताईने मायेने पांघरूण सारखे केले आणि ती पुन्हा बसून राहिली. थोड्या वेळाने पुन्हा एकदा. पुन्हा पांघरूण. सकाळी मी आलो तेव्हा आईचे ओठ सुकून गेले होते आणि ताई म्हणत होती, “रात्र शांत गेली हो, काही मागितलं नाही तिनं.”

दोष कुणाचा? आईने बरोबर मागितले होते, ताईने बरोबर ऐकले होते. चौथ्या दिवशी आम्ही बहीणभाऊ बोलत बसलो तेव्हा सारा उलगडा झाला, आणि त्याहून मोठी गोष्ट ध्यानात आली. दुसऱ्या रात्रीपासून आई ताईजवळ पाणी दोनदा वाजवून मागत होती आणि माझ्याजवळ एकदाच! दोघे खोलीत असलो की आधी ज्याला सांगायचे त्याच्याकडे पाही, मग वाजवी. धडधाकट आम्ही दोघे आपापला आकडा धरून बसलो होतो. जिला एक शब्द उच्चारता येत नव्हता तिने दोन्ही घरांचे आकडे पाठ केले होते.

संकेत कुणाचा बरोबर, हा प्रश्नच नव्हता. समोरच्याला जो कळतो तो बरोबर, एवढेच तिला ठाऊक होते.

डिजिटल कंपनी 1998 साली दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. अल्फाचे नवे प्रोसेसर निघणे केव्हाच बंद झाले. 2018 साली लिनक्समध्ये आलेल्या रिस्क-फाइव्हसारखी नवी घराणी एकच सामाईक यादी वापरतात. त्यांना कुणा जुन्या माणसाची मर्जी सांभाळायची नव्हती. पण अल्फाची फाईल कर्नलमध्ये अजून आहे. तिच्यात 19 म्हणजे आजही ‘पुढे चाल’.

आईला जाऊन सहा वर्षे झाली. ताई दिवाळीला येते. पंगतीत बोलण्याच्या गडबडीत ती ताटाच्या कडेवर दोनदा बोट वाजवते, आणि मी न बोलता पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवतो.