०.०५ व्होल्टसाठी एक आठवडा

आमच्या वाडीतल्या जुन्या घरांत ‘व्होल्टेज’ म्हटलं की आठवतो फ्रिजमागचा स्टॅबिलायझर. २३० चे २०० झाले की पंखा मंदावतो, एवढंच त्याचं ज्ञान पुरतं. त्यामुळे भाचीच्या कॉम्प्युटरवर मी ०.०५ व्होल्टसाठी आठवडाभर बसलो, याची घरात सगळ्यांना गंमत वाटली.

भाची इथे सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्सला आहे. तिच्या ॲनिमेशनचं एकेक रेंडर रात्रभर चालतं. कॉम्प्युटर माझ्या वडिलांनी मुदत ठेव मोडून घेऊन दिलेला, त्यामुळे नवा प्रोसेसर मागायची सोय नाही. म्हणून तिची मागणी : “मामा, ओव्हरक्लॉक करून दे ना!”

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके वाढवणे. ४.२ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ४.२ अब्ज ठोके. ठोके वाढले की आतल्या ट्रान्झिस्टरना चालू-बंद व्हायला वेळ कमी मिळतो आणि ते वेळेत व्हावं म्हणून व्होल्टेज वाढवावं लागतं. मेख इथेच आहे. वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. समजा ४.२ चे ४.६ केले आणि त्यासाठी १.२० व्होल्टचे १.३५ करावे लागले, तर वेग वाढतो साडेनऊ टक्के आणि वीज जवळजवळ ३९ टक्के! ती सगळी उष्णता होऊन खोलीतच येते. आणि कुलर कितीही महागाचा असो, पंख्याचा कुलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. बडोद्याच्या मे महिन्यात ही हवा कशी असते, ते तुम्हाला सांगायला नको.

मैत्रिणीच्या भावाचे आकडे उतरवून घ्यावेत, असं भाचीचं म्हणणं होतं. पण एकाच मॉडेलच्या दोन चिपना सारखं व्होल्टेज लागत नाही. ‘ऑटो’वर सोडावं, तर पुष्कळ मदरबोर्ड सावधगिरी म्हणून गरजेपेक्षा जास्तच देतात. आमच्या बोर्डाने ४.४ ला चक्क १.३८ दिले, तापमान ९४!

जास्तीचं व्होल्टेज लगेच काही जाळत नाही, पण चिप हळूहळू झिजते. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांबाबत हेच उघड झालं. ते प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होते, तेही ओव्हरक्लॉक न करता. कंपनीने मायक्रोकोड सुधारला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झिजलेली चिप सुधारणेने पूर्ववत होत नाही.

म्हणून मी उलट्या बाजूने निघालो. वेग ४.४ वर पक्का केला आणि बायोसमध्ये व्होल्टेज ०.०१ ने उतरवत गेलो. १.१९ ला मशीन रीस्टार्ट झालं. १.२० वर चाललं, अगदी छान चाललं, आणि प्राइम९५ ने चौथ्या तासाला गणिताची चूक दाखवली. स्क्रीन निळी नाही, काही नाही. ही जात मला सर्वांत वाईट वाटते. मशीन बंद पडलं तर कळतं तरी. चुकीचं गणित करत राहिलं, तर भाचीची फाइल कधी बिघडली ते सबमिशनच्या दिवशीच समजायचं. शिवाय पूर्ण भार आला की व्होल्टेज जरा खाली बसतं, त्यामुळे मशीन रिकामं असतानाचा आकडा पाहून काही ठरवू नये.

चढत चढत १.२५ वर थांबलो. टेस्ट मुद्दाम दुपारी दोन ते सहा, दारं-खिडक्या बंद, एसी बंद. रात्री गारव्यात पास झालेलं मशीन दुपारी नापास होऊ शकतं. तापमान ८४ च्या वर गेलं नाही.

आठ तासांचं रेंडर आता साधारण सात तास चाळीस मिनिटांत होतं.

“इतकंच?” भाची म्हणाली.

“बंद नाही ना पडणार?” हा वडिलांचा प्रश्न.

कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी चिठ्ठी चिकटवली आहे : ४.४ / १.२५ / दुपारी ८४ अंश. पुढच्या उन्हाळ्याआधी धूळ काढून पुन्हा तपासणे.