खेकड्याची चाल

‘मॅडम, हे इंजिन असंच चालतं. एवढं हळू चालवायचंच कशाला? थोडा वेग ठेवा, झटके दिसणार नाहीत.’

ज्या कारागिराने मला हे ऐकवलं त्याचं नाव मी लिहिणार नाही. पण ते वाक्य अजून सलतं. मला ते इंजिन हळू चालवायचं होतं, त्यासाठीच तर घेतलं होतं.

माझे वडील, नाना, मध्य रेल्वेत ड्रायव्हर होते आणि आमचं लहानपण कल्याणच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. तिथल्या मुलांना ‘खेकडा’ वेगळा सांगावा लागत नसे. डब्ल्यूसीजी-१ वर्गाचं ते विजेचं इंजिन: मधोमध केबिन, पुढे-मागे दोन लांब नाकाडं आणि चाकांना वाफेच्या इंजिनासारखे रॉड. जीआयपी रेल्वेने १९२८ च्या सुमारास ती घाटासाठी आणली. काही स्वित्झर्लंडमध्ये विंटरथुरला बनली, बाकीची इंग्लंडमध्ये. पुण्यापर्यंत विजेची तार १९२९ साली पोचली. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट, आणि स्वित्झर्लंडमधल्या गोट्टहार्डचाही जवळपास तेवढाच. तिकडच्या चढावर जे इंजिन चालायचं त्याला ते ‘क्रोकोडाइल’ म्हणत. आमचा खेकडा त्याच घराण्यातला.

खेकड्याचं तयार मॉडेल मला कधी दिसलं नाही. म्हणून स्विस क्रोकोडाइल घ्यायचं ठरवलं, १:८७ प्रमाणातलं. नवीन मागवणं परवडणारं नव्हतं. आपल्याकडे खेळणी या सदराखाली सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. निवृत्त माणसाने पेन्शनमधून जमवलेली, अर्धा मिलिमीटर जाडीच्या रेलिंगची प्रतिकृती आणि प्लास्टिकची भिरभिरं एकाच तागडीत टाकलेली आहेत, हे मला पटत नाही. असो. परदेशात असलेल्या भाच्याने तिथल्या जुन्या बाजारातून एक मिळवून दिलं. त्यात डिकोडर नव्हता.

डिकोडर म्हणजे इंजिनाच्या पोटात बसवलेली नखाएवढी सर्किटची पाटी. डिजिटल पद्धतीत रुळांमध्ये सतत पूर्ण वीज असते आणि तिच्यातूनच प्रत्येक इंजिनाच्या नावाने हुकूम जात असतात. आपल्या नावाचा हुकूम ओळखून डिकोडर मोटरला किती वीज द्यायची ते ठरवतो. कसं ठरवायचं याचे आकडे त्याच्यात साठवलेले असतात, त्यांना सीव्ही म्हणतात. सीव्ही १ मध्ये इंजिनाचा नंबर, २ मध्ये सुटतानाचा जोर, ३ मध्ये वेग किती सावकाश वाढावा, ४ मध्ये किती सावकाश उतरावा, ५ मध्ये कमाल वेग. माझ्या इंजिनात जर्मनीतल्या ईएसयू कंपनीचा डिकोडर बसवून घेतला. क्रोकोडाइल तीन तुकड्यांत वळतं, त्यामुळे तारा सांध्यांतून न्याव्या लागतात आणि ते माझ्या हाताला झेपणारं नव्हतं. म्हणून त्या कारागिराकडे गेले.

इंजिन घरी आलं आणि कंट्रोलरवरच्या वेगाच्या पहिल्याच स्टेपला थरथरायला लागलं. पुढे जायचं, पण हिवताप भरल्यासारखं. परत घेऊन गेले. कारागिराने कानाशी धरून ऐकलं आणि सांगितलं, ‘मोटर गेली.’ मी म्हटलं, जोरात तर व्यवस्थित पळतंय. तो म्हणाला, ‘मॅडम, जुन्या मोटरचं तसंच असतं.’ नवीन मोटर बसली. तिचे पैसे दिले, बसवण्याचे दिले. जुनी मोटर मागितली तर म्हणाला, टाकून दिली. चांगली पाच पोलांची मोटर होती ती, दोन्ही टोकांना पितळी फ्लायव्हील असलेली. जी वस्तू माझी, ती मला न विचारता टाकली कशी? गॅरेजवालासुद्धा बदललेला पार्ट गिऱ्हाइकाला दाखवतो.

नव्या मोटरने थरथर तशीच राहिली. पुन्हा नेलं. या वेळी त्याने इंजिन आठवडाभर ठेवून घेतलं आणि दिलं तेव्हा थरथर खरोखर थांबली होती. पण आता नवंच सुरू झालं. स्टेप एक, दोन, तीन, काहीच नाही. चौथ्या-पाचव्याला एकदम उडी मारून सुटायचं, मग रॉड एका ठरावीक जागी आले की अडखळायचं, तिथून सुटलं की धावायचं. प्रत्येक फेऱ्याला तेच. तेव्हा त्याने ते वाक्य उच्चारलं, असंच चालतं म्हणून. मी ऐकून घेतलं. इतकी वर्षं बँकेत समोरच्याचं ऐकून घेण्याची सवय, आणि कारागिराच्या त्या खोलीत माझ्याशिवाय बाई नव्हती. आजूबाजूचे दोघे-तिघे मानही डोलावत होते.

घरी आल्यावर डिकोडरचं मॅन्युअल छापून घेतलं आणि पेन्सिल घेऊन बसले.

त्यात मुख्य गोष्ट कळली ती अशी. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःही थोडी वीज तयार करते, जनित्रासारखी. डिकोडर सेकंदात कितीतरी वेळा मोटरची वीज क्षणभर तोडतो आणि ती उलटी वीज मोजतो. त्यावरून त्याला कळतं की मोटर खरोखर किती फिरतेय. कमी फिरत असेल तर जोर वाढवतो, जास्त फिरत असेल तर कमी करतो. चढ आला, रॉड जरा घट्ट झाले, तरी वेग टिकतो तो यामुळे. हा सगळा हिशेब किती कडकपणे करायचा याचे आकडे सीव्ही ५१ ते ५५ मध्ये. ५४ मध्ये एकूण कडकपणा, ५२ मध्ये अगदी हळू वेगाचा, ५५ मध्ये मोटरच्या जडपणाचा अंदाज. कारखान्यातून येणारे आकडे सर्वसाधारण मोटरचे असतात. फ्लायव्हीलच्या जड मोटरला ते कडक पडले तर डिकोडर गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करत राहतो, आणि इंजिन थरथरतं. म्हणजे माझी जुनी मोटर गेलेली नव्हती. नव्या मोटरनेही थरथर गेली नाही, हाच त्याचा पुरावा.

हे सगळं नियंत्रण चालू-बंद करायची सोय सीव्ही ४९ मध्ये आहे. तिथला आकडा विषम असेल तर नियंत्रण चालू, सम असेल तर बंद.

इंजिन प्रोग्रामिंगच्या रुळावर ठेवलं. तिथे डिकोडर ‘हो’ असं उत्तर देतो ते मोटरला निमिषभर वीज देऊन. आपण विचारायचं आणि इंजिनाने जागच्या जागी शहारायचं. एकेक शहारा मोजून कंट्रोलरने आकडा दाखवला. सम.

मी तो पुन्हा वाचला. सम. मग सीव्ही २ वाचला. सुटतानाचा जोर, जो एक-दोन किंवा तीन असायला हवा, तो भरमसाट वाढवून ठेवलेला.

म्हणजे थरथर घालवायला त्याने नियंत्रणच बंद करून टाकलं होतं. मग इंजिन सुटेना, म्हणून जोर वाढवला. मोटर आंधळी झाली. रॉड घट्ट आले की अडखळणार, सुटले की धावणार, दुसरं काय होणार? आणि हे करणाऱ्याने मला सांगितलं की क्रोकोडाइल असंच चालतं. चूक झाली असती तर मी काही बोलले नसते. पण ४९ चा आकडा बदलायला तो कुठे आहे हे माहीत असावं लागतं. ज्याला बंद करता आलं त्याला नीट करताही आलं असतं, किंवा ‘मला जमत नाही’ असं म्हणता आलं असतं. गोट्टहार्डवर या इंजिनांनी मालगाड्या ओढल्या, त्या काय उड्या मारत?

बाकीचं काम फार अवघड नव्हतं. आधी जुने आकडे वहीत उतरवले. ते प्रत्येकाने करावंच, कारण सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की सगळं पुसून कारखान्यातलं परत येतं. ३ आणि ४ शून्य केले, नाहीतर सावकाशपणाच्या पडद्यामागे खरे दोष लपतात. ४९ मध्ये एक मिळवला. मग ५४ मध्ये शून्य लिहिलं, इंजिन सर्वांत लांब सरळ रुळावर ठेवलं आणि कंट्रोलरवरचं एफ-१ बटण दाबलं. ते दीड-एक सेकंद पूर्ण वेगाने सुसाट गेलं आणि तेवढ्यात डिकोडरने मोटरचं मोजमाप घेऊन आकडे स्वतःच लिहून टाकले. दीड सेकंद! मोटरचे पैसे, लोकलच्या खेपा, आणि हे काम दीड सेकंदाचं. पुढे ५२ आणि ५५ थोडे-थोडे हलवून पाहिले, थांबण्याआधीची छोटी उडीही गेली. कमाल वेग निम्म्याच्या आसपास आणला. खरं क्रोकोडाइल ताशी ६५ किलोमीटरचं, त्याला राजधानी करून काय उपयोग? वेग उतरवला की सगळ्या स्टेप हळू भागात वाटल्या जातात.

तरीही एका जागी किंचित अडत होतं. तिथे आकड्यांचा उपयोग झाला नाही. वीज बंद करून फ्लायव्हील बोटाने फिरवलं तेव्हा कळलं, एका रॉडच्या बुशीत जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालं होतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतलं, सुईच्या टोकावर मावेल एवढं नवं तेल दिलं. ज्यांना हा नाद आहे त्यांनी आधी चाकं आणि रूळ पुसावेत, आणि सँडपेपर लावू नये. त्याच्या ओरखड्यांत मळ अधिकच धरतो. पावसाळ्यात कल्याणच्या हवेत रूळ चार दिवसांत काळे पडतात, आणि मग बिचाऱ्या डिकोडरला दोष लागतो.

आता ते ताशी पाच किलोमीटरने चालतं. म्हणजे आमच्या प्रमाणात सेकंदाला १.६ सेंटिमीटर, एक मीटर जायला मिनिटाहून जास्त. कर्जतला बँकर, म्हणजे घाटात मागून रेटणारं इंजिन, गाडीच्या शेपटाला लागताना जसा यायचा, तसं.

आणि तरी खरं सांगायचं तर त्या कारागिराचं सोल्डरिंग मी झाकण काढून पाहिलं आहे. सांध्यांतून नेलेल्या तारा इतक्या सुबक आहेत की कुठल्याही वळणावर ताण येत नाही. कोणी विचारलं तर मी तारा जोडायला अजूनही त्याच्याकडेच पाठवते. फक्त सांगते, सीव्हींची यादी लिहून मागा, आणि बदललेला पार्ट हातात घ्या. मोटरची गोष्ट मी त्याला विसरू देणार नाही.

नानांचे असिस्टंट होते ते काका आमच्याच गल्लीत राहतात. त्यांना बोलावून दाखवलं. ते खुर्ची ओढून डोळे रुळाच्या पातळीला आणून बसले. इंजिन आलं, डब्याला अलगद टेकलं. मला वाटलं, आता शाबासकी.

‘छान केलंयस पोरी. पण हा खेकडा नाही.’

‘का हो काका?’

‘खेकडा एवढा गुळगुळीत कुठे होता? सुटताना आधी अंग हलवायचा, मग जायचा. रॉडचा ढिलेपणा निघेपर्यंत आमची केबिन झुलायची.’

मी त्यांच्याशी वाद घातला. नानांच्या हाताखाली गाडी कधी धक्क्याने लागली नाही, असं मी लहानपणापासून ऐकलेलं. काका म्हणाले, ‘लागायची नाही, बरोबर. पण झुलायची.’ त्या रात्री ५४ थोडा वाढवून पाहिला. थरथर परत आली, झुलणं नाही. ते सीव्हींत बसत नसावं. काकांना मात्र थांबणंही पटलेलं नाही. त्यांच्या मते शेवटच्या वीतभर अंतरात इंजिन अजून सावकाश यायला हवं. शून्य केलेला सीव्ही ४ मी आता ४० वर ठेवलाय, त्यांना ६० हवाय.