रोवणीच्या दिवसांतला ग्रंथ

आषाढी पौर्णिमा आमच्याकडे रोवणीच्या ऐन धामधुमीत येते. पऱ्हे उपटायला आलेले असतात, मजूर मिळत नाहीत, घरातल्या बायका दिवसभर गुडघाभर चिखलात वाकलेल्या असतात. त्याच संध्याकाळी वर्षावास सुरू होतो. तेव्हापासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या बाबासाहेबांच्या ग्रंथाचे वाचन चालते. गोंदिया जिल्ह्याच्या गोरेगाव तालुक्यातल्या गावोगावच्या विहारांत ते होते. आमच्याकडे ते घरातही होते, आणि घरातले वाचन सुटता कामा नये असे माझे ठाम मत आहे.

मी सून म्हणून या घरात आले तेव्हा गोंदिया जिल्हा झाला नव्हता. आम्ही भंडाऱ्याचे होतो. माझ्या आजेसासूंना सगळे आजी म्हणत. १४ ऑक्टोबर १९५६ ला, दसऱ्याच्या दिवशी, त्या नागपूरला दीक्षा घेऊन आल्या आणि घरातले देव त्यांनी तलावात सोडले. देवांचा कोनाडा रिकामा झाला. पुढे दोनच महिन्यांत, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५७ साली निघाला, आणि मराठीत तो यायला १९७० उजाडले. मधल्या काळात आमच्या भागात भदंत आनंद कौसल्यायनांचा हिंदी अनुवाद काही घरांत होता. बाकीच्यांनी त्रिशरण, पंचशील आणि भीमगीतांवर धम्म धरून ठेवला. ज्यांना वाचताच येत नव्हते त्यांनी एवढी वर्षे पुस्तकाची वाट पाहिली, याचा विचार केला की मला आजही भरून येते. मराठी प्रत आली तेव्हा आजींनी तिला त्याच कोनाड्यात पांढऱ्या कापडावर जागा दिली.

पण ग्रंथ तिथे नुसता बसून राहू नये, हेही त्यांचेच म्हणणे होते. पावसात त्यांना विहारापर्यंत चालवेना. त्यांनी मला सांगितले, तू बारावी झालीस, तू वाच. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची आणि त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर सावरल्याशिवाय तोंड उघडत नव्हते. आता त्यांच्यासमोर, चुलतसासऱ्यांसमोर, घरातल्या सगळ्या पुरुषांसमोर मोठ्याने वाचायचे होते. पहिल्या दिवशी माझा आवाज उंबरठ्यापलीकडे गेला नसेल. पण ते सगळे मांडी घालून, हात जोडून ऐकत बसले. सुनेचा आवाज इतका वेळ कुणी न तोडता ऐकलेला त्या घराने याआधी पाहिलेला नव्हता. पुढे मी घरात बोलू लागले, त्याची सुरुवात या वाचनात आहे.

ग्रंथातला मजकूर परिच्छेदांना क्रमांक देऊन मांडला आहे. त्याची मोठी सोय होते. थकून आलेली माणसे विचारतात, आज कुठवर? कधी दहा क्रमांक, कधी डोळे मिटत असले तर चारच. वंदना, पंचशील, वाचन आणि मग प्रश्न. प्रश्न लहान मुलांनी आधी विचारायचा. हा नियम आजींचा.

एका वर्षी पाऊस ओढला होता. आमची आणि काकाजींची, म्हणजे चुलतसासऱ्यांची, शेती लागून. त्यांच्या बांध्या वर, आमच्या खाली. धानाच्या शेतीत पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते, त्यामुळे वरच्याने धुरा, म्हणजे बांध, बंद ठेवला की खालचा पाहत राहतो. त्यातून एका रात्री कुणीतरी धुरा फोडला. सकाळी दोन्ही भाऊ कुदळी घेऊन समोरासमोर उभे होते. संध्याकाळी मात्र दोघेही वाचनाला आले. आजींसमोर न येण्याची हिंमत कुणात नव्हती.

पहिल्या खंडातला रोहिणी नदीचा भाग क्रमाने त्याच आठवड्यात आला. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घर सोडून गेला, ही ऐकीव गोष्ट बाबासाहेबांना पटली नव्हती. प्रस्तावनेतच त्यांनी तिच्यावर प्रश्न उभा केला आहे. त्यांच्या ग्रंथात कारण आहे शेतीच्या पाण्याचे. शाक्य आणि कोलिय रोहिणीच्या पाण्यावरून भिडतात. अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ संघात युद्धाला विरोध करतो. तो सुचवतो, आपण दोघे निवडू, कोलियांनी दोघे निवडावेत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा. बहुमत युद्धाच्या बाजूने जाते. घरच्यांवर बहिष्कार आणि जमीनजप्ती येऊ नये म्हणून तो स्वतःच परिव्रज्या स्वीकारतो.

मी थांबले. माझ्या नणंदेच्या मुलाने विचारले, “रात्री धुरा फोडून घेतलेलं पाणी म्हणजे चोरीच ना?” पंचशीलातले दुसरे शील त्याने थोड्या वेळापूर्वीच सगळ्यांबरोबर म्हटले होते. कुणी बोलेना. मग आजींनी विचारले, “मंग पानी कोनाच्या वाट्याले आला?”

मी पुढचा भाग काढून वाचला. सिद्धार्थ गेल्यावर शाक्यांचे मन पालटते, समेट होतो, पाण्याचे तंटे सोडवायला कायमचे मंडळ नेमले जाते. आजी म्हणाल्या, “भगवंतानं घर सोडला, मंग भांडन मिटला. आपुन घर न सोडता मिटवू.”

मामाजींनी दोन माणसे सांगितली, काकाजींनी दोन. त्या चौघांनी पाचवा म्हणून शेजारच्या शिवारातले एक वयस्क पोवार शेतकरी निवडले. ते बौद्ध नव्हते, पण पाण्याचा उतार त्यांच्याइतका कुणाला कळत नव्हता. वरच्या बांधीत किती पाणी राखायचे आणि धुरा केव्हा उघडायचा, हे ठरले. दोन्ही भाऊ लगेच गळ्यात पडले नाहीत; अबोला दिवाळीपर्यंत टिकला. पुढे पाऊस ओढला की कुरबुर व्हायचीच, पण कुदळी पुन्हा निघाल्या नाहीत.

विहारातल्या वाचनाला मी कमी लेखत नाही. चिवर घातलेले भंते समजावून सांगतात, सगळा गाव एकत्र बसतो, समारोपाला खीरदान होते, ते हवेच. पण विहारात कुणी आपल्या धुऱ्याचा प्रश्न काढत नाही. हुंडा, दारू, सुनेवर उगारलेला हात, हे सारे घरात घडते, म्हणून ग्रंथही तिथेच उघडला पाहिजे. ऐकीव गोष्ट पारखून घ्यायला शिकवणारा हा ग्रंथ आहे; त्याला नुसती फुले वाहून कोनाड्यात ठेवणे मला त्याचा अनादर वाटतो.

आजी आता नाहीत. मुलगा पुण्याला असतो, वर्षावासात रात्री फोन लावून ऐकतो आणि आपल्या पाळीला तिकडून वाचतो. त्याची मुलगी पहिला प्रश्न विचारते.

येत्या आषाढी पौर्णिमेला तुमच्या घरातला ग्रंथ, तो कोणताही असो, खाली काढा. वाचायला घरातल्या सुनेला किंवा मुलीला बसवा, आणि वाचून झाल्यावर लहानांना आधी बोलू द्या.