कोणत्या ट्रॉलीची पावती?

दिवाळीला पिशोरला गेलो होतो. कन्नड तालुका म्हटलं की लोकांना गौताळा अभयारण्य आठवतं, नाहीतर पितळखोऱ्याची लेणी. आमचं पिशोर त्याच तालुक्यातलं, पण बघायला कुणी येत नाही, येतात ते मका न्यायला :)

तर शुक्रवारी संध्याकाळी आमचा रिलीज होता. सुट्टी अर्धीच टाकलेली, म्हणून मोबाईलच्या नेटवर लॅपटॉप लावून मी गच्चीत बसलेलो. आमचं ॲप दुसऱ्या टीमच्या सर्व्हिसकडून डिलिव्हरीच्या वेळा मागतं. म्हणजे आम्ही कन्झ्युमर, ते प्रोव्हायडर. दोघांमध्ये कॉन्ट्रॅक्ट टेस्ट आहेत. कॉलवर मॅनेजरने विचारलं, "कॉन्ट्रॅक्टचं काय?" मी माझी स्क्रिप्ट चालवली, ब्रोकरकडून निकाल आला, सक्सेस ट्रू. "हिरवं आहे," म्हणालो.

अर्ध्या तासात ऑर्डरी अडकायला लागल्या. आम्हाला हवं असलेलं नवं फील्ड समोरून येतच नव्हतं. आणि मी काय करावं? भर कॉलवर, चौदा माणसांसमोर, प्रोव्हायडर टीमच्या इंजिनियरला म्हणालो, "तुमच्याच बिल्डने पास दिलंय. नंतर तुम्ही काहीतरी बदललंत." ती शांतपणे म्हणाली, "कोणत्या व्हर्जनने पास दिलंय?"

मी ते पाहिलंच नव्हतं. आम्ही आमचं जुनं व्हर्जन परत चढवलं आणि कॉल संपला. जेवायला बसलो तर भाकरी घशाखाली उतरेना.

ज्यांचा याच्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कन्झ्युमरने आपल्या अपेक्षा आधी लिहून द्यायच्या, ही कल्पना इयन रॉबिन्सनने 2006 साली एका लेखात नीट मांडली. त्यावरचं आमचं हत्यार म्हणजे पॅक्ट. ते 2013 मध्ये ऑस्ट्रेलियात घरं-जागांच्या जाहिरातींच्या एका वेबसाईटच्या टीममध्ये जन्मलं, तेही रुबीत. कन्झ्युमरच्या टेस्ट चालल्या की एक जेसन फाईल तयार होते, "मी हे मागेन, मला असं उत्तर दे." ती पॅक्ट ब्रोकरवर जाते. प्रोव्हायडरचा बिल्ड ती तिथून उचलतो, त्यातल्या रिक्वेस्ट स्वतःवर मारून बघतो आणि पास की नापास ते स्वतःच्या व्हर्जन नंबरसकट ब्रोकरवर परत नोंदवतो.

निकाल परत मागवायचा तर ब्रोकर प्रत्येक पॅक्टसोबत 'लेटेस्ट व्हेरिफिकेशन'ची लिंक देतो. माझी स्क्रिप्ट तीच लिंक वाचायची. आता लेटेस्ट म्हणजे काय, तर सगळ्यात शेवटी नोंदवलेला निकाल. मग तो कुठल्याही ब्रँचचा असो! समोरच्या टीमने आमचं नवं फील्ड एका फीचर ब्रँचवर करून ठेवलं होतं, त्या ब्रँचने पास दिलं होतं, आणि ती अजून मर्जही झालेली नव्हती. प्रॉडक्शनवर जे व्हर्जन होतं त्याने आमचा नवा पॅक्ट कधी तपासलाच नव्हता. नवा पॅक्ट आला की समोरचा मेन बिल्ड वेबहुकने आपोआप चालवता येतो, पण तो वेबहुक आम्ही लावलाच नव्हता. म्हणजे नापास नव्हतं हो, परीक्षाच झाली नव्हती.

हे मला सगळं रात्री कळलं असं वाटेल, पण नाही. सकाळी कळलं, आणि तेही अण्णांमुळे.

अण्णांनी मक्याच्या दोन ट्रॉल्या घातल्या होत्या. एक पावसाच्या आधी भरलेली आणि दुसरी नंतर. मक्याला 14 टक्के ओलावा चालतो, त्यावर गेला की व्यापारी घट धरतो. चहा पिता पिता अण्णांनी पावत्यांचा गठ्ठा माझ्यापुढं टाकला, "वाच बरं, हिशोब जुळंना." मी वरची पावती उचलली. "ओलावा 14. बरोबर तर आहे, अण्णा."

"कोन्त्या ट्रॉलीची हाय ती?"

मी पावतीकडे बघतच राहिलो. अण्णांना वाटलं, मला अक्षर लागेना.

मग अंगणातच लॅपटॉप उघडला आणि ब्रोकरचं मॅट्रिक्स पान लावलं. एका बाजूला कन्झ्युमरची व्हर्जन्स, दुसऱ्या बाजूला प्रोव्हायडरची, आणि प्रत्येक जोडीपुढे निकाल. आमचं नवं आणि त्यांचं प्रॉडक्शनवालं, या जोडीपुढे काहीच नाही, कोरं. पान आधीपासून तिथंच होतं, मीच कधी उघडलं नव्हतं. (एक गंमत मात्र तिथंच समजली. कन्झ्युमरचं व्हर्जन बदललं, पण पॅक्टमधला मजकूर तोच राहिला, तर ब्रोकर जुना निकाल नव्या व्हर्जनलाही लावतो. पुन्हा तपासायची गरज नाही. हे मला आवडलं.)

खरं तर यासाठी 'कॅन-आय-डिप्लॉय' नावाची कमांडच आहे. आपलं व्हर्जन आणि 'प्रॉडक्शन' सांगितलं की ती तिथं आत्ता असलेल्या व्हर्जनशी जोडी लावून बघते आणि निकाल नसला तरी 'नाही' म्हणते. फक्त दोन्ही टीमनी प्रत्येक डिप्लॉयमेंट ब्रोकरवर नोंदवायला हवी. माझी स्क्रिप्ट मी दोन वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने लिहिली होती. विकीवरही टाकली होती, लोक वापरत होते. ती काढून टाकताना वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

माफी मात्र फोनवर मागून भागलं नसतं. आरोप चौदा जणांसमोर केला होता. म्हणून त्याच ग्रुपवर मॅट्रिक्सचा फोटो टाकला आणि लिहिलं की चूक माझ्या स्क्रिप्टची होती आणि न बघता बोललो तीही माझीच. बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग तिचा मेसेज आला, "ब्रँच बुधवारी मर्ज करतोय. तोवर थांबशील?"

थांबतो म्हणालो. दुसऱ्या ट्रॉलीची पावती अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात सापडली. ओलावा 17.