किती कमी मिळेल?

चाळीसगावात मी म्युच्युअल फंडांचं काम करतो. माझ्याकडे येणारे शिक्षक, रेल्वेतले कर्मचारी, कापसाचे पैसे हातात आलेले शेतकरी. ‘अमुक धंद्यात माझा पैसा नको’ असं कोणी म्हणालं की मला ते भरल्या पोटाचे लाड वाटायचे. इथल्या माणसाचा बोअर आणि मुलीचं लग्न यांतून उरलेला पैसा वाढला पाहिजे, बस. धर्म करायचा तो नफा झाल्यावर करा, हे माझं ठरलेलं उत्तर. दाखला अमळनेरचा: १९४५ साली तिथे वनस्पती तुपापासून सुरू झालेली विप्रो, आणि तिचे थोडेसे शेअर जपून करोडपती झालेली घरं. अझीम प्रेमजींनी याच शेअरांचा मोठा हिस्सा शिक्षणाच्या कामाला लावला, हे मात्र मी कधी सांगितलं नाही.

माझं मत मोडलं ते शाळेत मला शिकवलेल्या एका बाईंनी. त्यांचे यजमान, आमचे सर, हेही शिक्षक होते. तोंडाच्या कॅन्सरने गेले. बाईंची एसआयपी, म्हणजे फंडातली दरमहा ठरावीक गुंतवणूक, माझ्याकडे. एकदा त्यांनी विचारलं, “माझ्या पैशातून तंबाखूवाल्यांचे शेअर घेतात का रे?” मी फंडाचं त्या महिन्याचं पत्रक उघडलं. पहिल्या दहा नावांत एक सिगारेट कंपनी होती. तिथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, “बाई, सर तर मळून खायचे. ही कंपनी सिगारेटी करते.”

हे वाक्य आठवलं की आजही स्वतःची शरम वाटते. नवरा गमावलेल्या बाईसमोर मी कंपनीची वकिली करत होतो, आणि ती कशासाठी, तर चालू एसआयपी बंद पडू नये म्हणून.

बाई चिडल्या नाहीत. “ते कळतं मला. पण नोकरीभर पोरांच्या खिशातल्या पुड्या काढून घेतल्या मी. आता त्याच धंद्याचा पैसा खाऊ?” मी शेवटचा मुद्दा काढला: असले धंदे वगळणाऱ्या फंडात कमी मिळू शकतं. वाटलं, आता विषय संपेल. त्यांनी विचारलं, “किती कमी?”

या प्रश्नाला मी अजून मनातून सुटलेलो नाही. चांगल्या-वाईटाचा विचार करणाऱ्याला हिशेब कळत नाही, असं मी धरून चाललो होतो. बाई तर चक्क घासाघीस करत होत्या. वर्षाला शंभरामागे रुपया-दोन रुपये गेले तर चालतील, पाच नको. औषधं त्यातूनच घ्यायची आहेत. हे दान नव्हतं. मिरवणंही नव्हतं, कारण ही गोष्ट त्यांनी घरातसुद्धा कोणाला सांगितली नव्हती. मनाला पटण्याची किंमत त्यांनी ठरवली होती आणि ती त्या स्वतःच्या खिशातून भरणार होत्या.

पुढे नेदरलँड्समधल्या आर्नो रीडल आणि पॉल स्मीट्स यांचा २०१७ सालचा अभ्यास वाचला. सामाजिक जबाबदारी पाहणारे फंड घेणाऱ्या तिथल्या गुंतवणूकदारांना परतावा कमी मिळेल असंच वाटत होतं, तरी त्यांनी ते घेतले. मुख्य कारण इतरांविषयीची आस्था; चारचौघांत चांगलं दिसण्याची हौस हेही काही प्रमाणात. बाईंनी मला ते आधीच शिकवलं होतं.

तंबाखू, दारू, जुगार वगळणारा एक ईएसजी फंड, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार पाहून शेअर निवडणारा फंड, मी त्यांना दाखवला. त्यांनी यादी चष्मा लावून, बोट ठेवून वाचली. “सोलरवाल्या कंपन्या यात चांगल्या धरतात ना? मग आपल्या तालुक्यात बोढरे-शिवापूरचे शेतकरी सोलरच्या जमिनीवरून आंदोलन का करत होते?” शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे, असं मी सांगितलं. “तो भरतं कोण?” कंपनीच. त्यावर माझ्याकडे बोलायला काही नव्हतं. बाईंनी निम्मी रक्कम त्या फंडात घातली, निम्मी पोस्टात.

आता नवीन माणूस आला की फॉर्मच्या आधी मी कंपन्यांची यादी त्याच्यापुढे ठेवतो. बरेच जण नुसती नजर फिरवतात. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एकांना तंबाखू चालते, दारू नको. एका शेतकऱ्याला सगळं चालतं, फक्त कीटकनाशकाची एक कंपनी नको. कारण मी विचारत नाही. चहा येईपर्यंत ते स्वतःच सांगू लागतात.